सूर्याचा माग टपालाने

डेसाउ या जर्मन गावातल्या हाइन्रिख श्वाबे नावाच्या औषध दुकानदाराने १८२६ साली सूर्यावरचे डाग मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्याला डागांत रस नव्हता. त्याला ग्रह हवा होता. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असेल तर तो केव्हातरी सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकेल, आणि तो ओळखायचा तर बाकीचे ठिपके कोणते ते आधी ठाऊक हवेत, असा त्याचा सरळ हिशेब होता. तीन वर्षांनी त्याने दुकान विकले आणि आभाळ मोकळे असेल त्या दिवशी दुर्बिणीला डोळा लावायचा, एवढाच उद्योग ठेवला. ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण १८४३ अखेर त्याच्यापाशी अठरा वर्षांचा तक्ता जमला होता. १८३७ साली त्याने सूर्य पाहिला त्यांतला एकही दिवस डागांवाचून गेला नव्हता. १८४३ साली पाहिलेल्या ३१२ दिवसांपैकी १४९ दिवस बिंब कोरे करकरीत होते. डागांना सुमारे दहा वर्षांची भरती-ओहोटी असावी, असे त्याने जपून लिहिले आणि ते टिपण १८४४ साली 'आस्ट्रोनोमिशे नाखरिख्टेन' या नियतकालिकात छापून आले. शूमाखर नावाच्या खगोलवेत्त्याने १८२१ साली आल्टोना येथे काढलेले हे पत्र म्हणजे युरोपातल्या वेधशाळांची जणू सामायिक टपालपेटी. आलेली पत्रे छापायची आणि सगळ्यांना पाठवायची, ही त्याची रीत. म्हणजे श्वाबेचे म्हणणे पोचायला हवे तिथे पोचले होते. तरी पुढची सहा-सात वर्षे त्याकडे जवळजवळ कोणी वळून पाहिले नाही.

या शांततेपाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या घटनांची किल्ली तिच्यात आहे. १८५२ या एका वर्षात लंडनचा एडवर्ड सॅबिन, बर्नचा रूडोल्फ वोल्फ आणि जिनिव्हाचा आल्फ्रेड गोतिए या तिघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट सांगितली : सूर्यावरचे डाग वाढतात तेव्हा पृथ्वीवरच्या चुंबकसूच्यांची चलबिचल वाढते, डाग ओसरले की तीही ओसरते. पंधरा कोटी किलोमीटरवरची काजळी आणि तळघरात रेशमाच्या धाग्याला टांगलेली पोलादाची पट्टी यांचा सांधा जुळला होता. असे शोध आपण एखाद्या नावावर आणि एखाद्या सालावर लिहून मोकळे होतो. हा शोध मात्र कोणा एकाच्या बुद्धीच्या खाती टाकता येत नाही. तो पत्रव्यवहाराने लावला, असे माझे म्हणणे आहे. दुर्बीण किंवा चुंबकमापक जसे उपकरण, तसे त्या काळचे शास्त्रीय टपाल हेही उपकरणच होते. शोध लागल्यावर बातमी पोचवणे हे त्याचे दुय्यम काम. मात्र 'पत्रव्यवहार' हा शब्द इथे दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्या वेगळ्या ठेवल्याखेरीज युक्तिवाद पुढे सरकत नाही. एक म्हणजे माणसाने माणसाला लिहिलेले पत्र : त्यात शंका असते, आर्जव असते, शिफारस असते, कधी कुरबुर. दुसरा म्हणजे तक्ता : आखलेल्या रकान्यांत भरलेले आकडे, खाली 'कळावे, लोभ असावा' नाही. श्वाबेकडे तक्ता होता. त्याला पत्र लिहिणारा कोणी नव्हता.

चुंबकत्वाच्या अभ्यासाला इतरांपेक्षा टपालाची गरज जास्त का पडावी? ग्रहण एकट्याने पाहिले तरी ते ग्रहणच असते. पण खोलीतली चुंबकसूची अचानक थरथरली, तर ती पृथ्वीमुळे की कोनाड्यात कोणी ठेवलेल्या लोखंडी किल्लीमुळे, हे त्या खोलीत बसून कधीच कळत नाही. ते कळायला दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी विचारावे लागते : तुमची सूची त्याच घटकेला हलली का? हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो १७४१ साली. उप्साला येथे सेल्सियस आणि त्याचा सहकारी हियोर्टर यांना ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी सूची डळमळताना दिसली. सेल्सियसने लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅमशी संधान बांधले आणि ५ एप्रिलला दोन्ही गावांतल्या सूच्या एकाच वेळी अस्वस्थ झाल्याचे निघाले. पुढे १८०६-०७ साली बर्लिनमध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने मदतनिसासह रात्री जागून सूचीची नोंद ठेवली, आणि तिच्या या बेचैनीला 'चुंबकीय वादळ' हे आजही चालणारे नाव दिले. वादळ हा शब्द त्याने विचार करूनच निवडला असणार. वादळ एका घरापुरते नसते. पण किती घरांपुरते, हे एकट्या हुम्बोल्टला सांगता येत नव्हते, आणि एकटे राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. आयुष्यभरात त्याने ५०,००० च्या आसपास पत्रे लिहिली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये, संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोनच्या वडिलांच्या बागेत, त्याने लोखंडाचा खिळाही न वापरता एक खोपटे उभारून घेतले आणि फ्रायबेर्गच्या खाणीत खोल जमिनीखाली ठेवलेल्या सूचीशी ताळा पाहायला सुरुवात केली. १८२९ साली तो रशियात गेला तो सोने-प्लॅटिनमच्या खाणी पाहण्यासाठी. परतला तेव्हा झारच्या मुलखात चुंबकीय ठाण्यांची माळ लागण्याची तजवीज करून. कझान, बार्नाउल, नेर्चिन्स्क, अलास्कातले सिट्का, इतकेच काय, पेकिंगमधल्या रशियन मठाचे आवारही त्या माळेत आले.

इथे गणिताच्या बाजूने एक रास्त आक्षेप येतो. हुम्बोल्ट ओळखीपाळखीचा बादशहा होता हे खरे, पण भूचुंबकत्वाला शास्त्र केले ते गाउसने. आणि गाउस हा पत्रांच्या पसाऱ्यापेक्षा स्वतःच्या कागदाशी रमणारा माणूस. १८२८ साली बर्लिनच्या विज्ञानसभेला तो हुम्बोल्टच्या घरी पाहुणा म्हणून उतरला होता. १८३१ साली विल्हेल्म वेबर गाउसच्या ग्यॉटिंगेनला आला आणि डिसेंबर १८३२ मध्ये गाउसने पृथ्वीच्या चुंबकीय बलाचे निरपेक्ष मोजमाप करण्याची रीत मांडली. ती नुसती मोजण्याची रीत होती, असे म्हटले तर आक्षेप टिकतो. पण त्याआधी काय चालत होते ते पाहावे. एक सूची प्रवासाला निघायची, पॅरिसमध्ये तिची आंदोलने मोजायची, मग पेरूमध्ये मोजायची, आणि दोहोंची तुलना करायची. सूचीचे चुंबकत्व वाटेत उतरले तर सगळे मुसळ केरात. जग जोडायचे तर सूची फिरवावी लागे. गाउसने ते बल मिलिमीटर, मिलिग्रॅम आणि सेकंद यांत मांडले. आता कोणत्याही गावातल्या कोणत्याही सूचीवरून निघालेला आकडा दुसऱ्या गावाच्या आकड्याशेजारी मांडता येऊ लागला. सूची घरी राहिली, आकडा टपालात पडला. म्हणजे गाउसचे सर्वांत मोठे प्रायोगिक काम हा पत्रव्यवहाराला पर्याय तर नव्हताच. दूरच्या माणसाशी आकड्यांत बोलायचे तर भाषा कोणती, याचे व्याकरण त्याने रचून दिले. ते रचताना त्याच्या मनात टपाल होते की नाही, याने काही बिघडत नाही.

व्याकरणापाठोपाठ शिस्त आली. ग्यॉटिंगेनच्या 'चुंबकीय संघा'ने वर्षातले काही दिवस मुक्रर केले. त्या दिवशी सगळीकडच्या निरीक्षकांनी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, सूचीची जागा लिहायची. म्हणजे २८८ नोंदी. डोळा चुकवायचा नाही, खिशात चाकू-किल्ल्या ठेवायच्या नाहीत, आणि घड्याळ स्वतःच्या गावाचे न पाहता ग्यॉटिंगेनचे पाहायचे. प्रमाणवेळ हा शब्दही व्यवहारात नव्हता, गावागणिक मध्यान्ह वेगळे होते, त्या काळात मिलान, उप्साला, कझान, डब्लिन इथली माणसे वर्षातले काही दिवस एका जर्मन विद्यापीठगावाच्या वेळेवर जगली. मग तक्ते आले, गाउस-वेबरांनी ते आलेखांच्या रूपाने एकाखाली एक छापले, आणि पानावर जे दिसले त्याला सिद्धतेची गरज उरली नाही : शेकडो मैलांवरच्या गावांचे आलेख एकाच जागी दचकत होते, एकाच जागी सावरत होते. उंची कमी-जास्त, पण ठेका तोच. १८३६ ते १८४१ या वर्षांच्या निरीक्षणांचे हे खंड आजही चाळण्यासारखे आहेत. वीजतारेचे यंत्र याच जोडगोळीने १८३३ साली ग्यॉटिंगेनच्या छपरांवरून ओढले होते, ही त्यातली गंमत. टपालाला मारणारे यंत्र ज्यांनी घडवले त्यांनीच टपालावर चालणारे शेवटचे मोठे शास्त्र उभे केले.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. युरोपातली दोन-तीन डझन ठाणी ही हौशी प्राध्यापकांची मंडळी झाली. पृथ्वी व्यापायची तर पैसा, जहाजे आणि हुकूम लागतात. ते साम्राज्याकडे होते. मग श्रेय पत्रांना का, तोफखान्याला का नाही? यातले वस्तुस्थितीचे कलम मला पूर्ण मान्य आहे. एप्रिल १८३६ मध्ये हुम्बोल्टने रॉयल सोसायटीचा अध्यक्ष, इंग्लंडच्या राजाचा भाऊ ड्यूक ऑफ ससेक्स याला पत्र लिहिले आणि ब्रिटिश वसाहतींत चुंबकीय ठाणी उभारावीत अशी विनंती केली. सॅबिन तोफखान्याचा अधिकारी. तो, डब्लिनचा हम्फ्री लॉइड आणि नुकताच दक्षिण आफ्रिकेहून परतलेला जॉन हर्शेल यांनी खटपट केली, आणि १८३९ साली सरकार राजी झाले. जेम्स क्लार्क रॉस 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजे घेऊन अंटार्क्टिकाकडे निघाला. टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि टास्मानियातले होबार्ट इथे वेधशाळा उभ्या राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई यांचा भार उचलला. बहुतेक ठिकाणी यंत्रापाशी गणवेशातले अधिकारी होते. जहाजाला दिशा चुकू नये हा हेतू उघड होता. लोखंडी जहाजे येऊ घातली होती आणि होकायंत्र बिघडले तर माल बुडत होता. पण हेतू आणि फळ यांची गल्लत करता येत नाही. सरकारने मागितला होता खलाशाचा नकाशा. सूर्य त्यांनी मागितला नव्हता. सरकारी खर्चाने आकड्यांचे डोंगर उभे राहिले, आणि ते डोंगर नुसते उभे राहिले असते तर त्यांची गत श्वाबेच्या टिपणासारखीच झाली असती. 'उपपत्ती नाही, नुसती आकडेमोड' अशी कुरकुर त्या काळीही होतीच. तिच्यात तथ्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सॅबिनने वुलिच इथे कारकून बसवून हे तक्ते चाळायला घेतले. एका ठराविक मर्यादेपेक्षा मोठी विचलने बाजूला काढायची आणि ती वर्षागणिक कशी पसरतात ते पाहायचे, अशी त्याची कंटाळवाणी पण कसदार पद्धत होती. टोरांटो आणि होबार्ट म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ पाठीला पाठ लावून उभी असलेली दोन गावे. एकीकडे उन्हाळा तेव्हा दुसरीकडे हिवाळा. तरी दोन्हीकडे खळबळ १८४३ साली सर्वांत कमी आणि १८४८ साली सर्वांत जास्त. म्हणजे कारण हवामानात नव्हते, जमिनीत नव्हते. मग कशात? उत्तर सॅबिनच्या स्वतःच्या घरात, पत्नीच्या टेबलावर आले. हुम्बोल्टने 'कॉसमॉस' या आपल्या महाग्रंथाच्या तिसऱ्या खंडात श्वाबेचा तक्ता, पुढच्या वर्षांची भर घालून, छापला होता. आणि त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर एलिझाबेथ सॅबिन करत होती. श्वाबेच्या तक्त्यातही १८४३ हा तळ होता आणि १८४८ हा माथा. पुढचे सांगायला गणिती लागत नाही. १८५२ साली सॅबिनने जाहीर केले. वैज्ञानिकांच्या यादीत एलिझाबेथचे नाव क्वचितच सापडते, आणि सापडले तर 'यांच्या पत्नी' म्हणून. पण डेसाउच्या औषधवाल्याचे आकडे आणि टोरांटोच्या तोफखान्याचे आकडे ज्या टेबलावर भेटले ते तिचे होते.

यावर कोणी म्हणेल, वोल्फ आणि गोतिए यांनी तर स्वतंत्रपणे हेच काढले. मग सॅबिनचे टेबल हा नुसता योगायोग नव्हे काय? उलट, मला यात माझ्याच म्हणण्याचा पुरावा दिसतो. म्युनिकच्या योहान लामाँटने १८५१ साली दाखवले होते की सूचीच्या रोजच्या हेलकाव्याचा आवाका सुमारे सव्वादहा वर्षांच्या फेऱ्याने कमी-जास्त होतो. लामाँट स्वतः खगोलवेत्ता, वेधशाळेचा प्रमुख. श्वाबेचे टिपण ज्या नियतकालिकात आले ते त्याच्याकडे येत असणारच. त्याने दोन्ही तक्ते शेजारी ठेवले नाहीत. वोल्फ आणि गोतिए यांनी ठेवले. म्हणजे त्या वर्षी हवेत कोणी गूढ प्रतिभा सोडली नव्हती. दोन निरनिराळ्या गटांचे तक्ते एकाच हाती पडण्याची शक्यता टपालाने इतकी वाढवली होती की ते तीन ठिकाणी एकदम घडले. १८४४ साली हीच शक्यता नगण्य होती. डाग मोजणारे एका गल्लीत राहत होते, सूची पाहणारे दुसऱ्या. दोन्ही गल्ल्यांत ज्याचे जाणे-येणे होते तो माणूस हुम्बोल्ट, आणि त्याने तिसऱ्या खंडात ते पान घातल्यावर श्वाबेची वाटच पालटली. १८५७ साली लंडनच्या खगोलसंस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. तक्ता तोच होता. त्याच्या वतीने कोणीतरी बोलले, एवढाच फरक.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी रिचर्ड कॅरिंग्टन लंडनजवळच्या रेडहिल इथे सूर्याचे चित्र काढत होता. अकरा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास मोठ्या डागांच्या पुंजक्यावर पांढरीशुभ्र आग लखलखली आणि पाचेक मिनिटांत विझली. घाईने तो साक्षीदार शोधायला धावला, परतला तोवर खेळ आटोपत आला होता. लंडनच्याच हायगेट भागात हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकाला तेच दिसले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ फुटले की ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला आणि अमेरिकेत बॉस्टन-पोर्टलंड तारेवरच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून आभाळातून आलेल्या विजेवर निरोप धाडले. कॅरिंग्टन क्यू वेधशाळेत गेला, तेव्हा ज्वाला दिसली त्याच क्षणी सूचीची हालचाल टिपणाऱ्या छायाचित्र-पट्टीवर एक लहानसे खरचटल्यासारखे वळण उमटलेले आढळले. तरी त्याने दोन्हींचा संबंध ठामपणे जोडायला नकार दिला; एका उदाहरणावर इमारत नको, हा त्याचा बाणा. इकडे अमेरिकेत इलायस लूमिस या प्राध्यापकाने जगभरातून ध्रुवीय प्रकाशाचे वृत्तांत मागवून लेखांमागून लेख छापले. पुन्हा टपालच. पण या वेळी टपालाची मर्यादाही उघडी पडली. ताळा जुळत होता, कारण सापडत नव्हते. १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्व्हिनने गणित मांडले : सूर्य चुंबकीय लाटा चहूकडे फेकून पृथ्वीवर मध्यम वादळ आणत असेल, तर आठ तासांत त्याला एरवी चार महिने उष्णता-प्रकाश द्यायला लागते तेवढी शक्ती खर्चावी लागेल, सबब डाग आणि वादळे यांचे नाते खोटे, निव्वळ जुळून आलेले. गणित बरोबर होते, 'चहूकडे' हे गृहीतक चुकले. १९०४ साली ग्रिनिचच्या एडवर्ड मॉन्डरने वादळे सुमारे सत्तावीस दिवसांनी, म्हणजे सूर्य स्वतःभोवती एकदा फिरला की, परत येतात असे दाखवून अरुंद झोतांची कल्पना मांडली. केल्व्हिनचा आक्षेप माझ्या म्हणण्याला कात्री लावतो, हे कबूल करावे लागते : पत्रव्यवहार 'कधी' आणि 'कुठे' हे सांगू शकला, 'कसे' हे नाही. मात्र केल्व्हिनलाही खोडायला जे लागले ते नवे तत्त्वज्ञान नव्हते. ग्रिनिचच्या तक्त्यांची वीस-बावीस वर्षे लागली.

त्या जाळ्याचे एक टोक मुंबईत होते. कुलाब्याची वेधशाळा कंपनीने १८२६ साली बांधली ती खगोलवेधासाठी आणि बंदरातल्या जहाजांना वेळ देण्यासाठी. चुंबकीय नोंदी १८४१ साली एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाल्या. यंत्रे डब्लिनच्या ग्रबची, रीत लॉइडची, ठरलेल्या दिवशी घड्याळ ग्यॉटिंगेनचे. तिथे मध्यान्ह होई तेव्हा कुलाब्यात दुपारचे सव्वाचार वाजत आलेले असत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ या वेधशाळेशी निगडित होते, आणि अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे केरूनाना म्हणून ओळखले गेलेले, ऐन तारुण्यात इथे साहाय्यक म्हणून लागले. इथे सुरुवातीला केलेला पत्र आणि तक्ता हा भेद बोचरा होतो. हुम्बोल्ट, सॅबिन, लॉइड पत्रे लिहीत. कुलाब्याचे साहाय्यक तक्ते लिहीत. तासातासाला, रात्रीसुद्धा, दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा, उतरवायचा, महिन्याअखेर नक्कल करायची. तक्ता लंडनला जायचा, आणि 'तुम्हाला यात काय दिसले' असे विचारणारे पत्र त्या साहाय्यकांना कधी यायचे नाही. केरूनानांनी ती कसर निराळ्या वाटेने भरून काढली. पुण्याला गेल्यावर त्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ काढला, आणि जुन्या पंचांगातले ग्रह आभाळातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, हा घरचा प्रश्न ऐरणीवर आणला. पटवर्धनी पंचांग त्यातून आले. दुसऱ्यांच्या रकान्यांत आकडे भरण्यात ज्याचे तारुण्य गेले त्या माणसाने स्वतःचे रकाने आखले आणि ते मराठीत आखले, याला मी त्या सगळ्या जागतिक पत्रव्यवहाराचे एक अनपेक्षित उत्तर समजतो. उत्तर गेले मात्र लंडनला नाही. जोशीबुवांच्या ओसरीवर गेले आणि तिथे त्यावर भांडणेही झाली.

कॅरिंग्टनला ज्वाला दिसली तेव्हा कुलाब्यात दुपारचे चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी वादळ आले ते अकराच्या सुमारास शिगेला पोचले. क्यू आणि ग्रिनिच इथली छायाचित्र-यंत्रे त्या काळच्या तंत्राचा कळस. पण त्या वादळात प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेर गेला आणि पट्टी कोरी राहिली. कुलाब्यात अजून डोळ्यांनीच वाचन चालत असे. नेम तासाचा होता, पण सूची बिथरली की अंतर कमी करायचे, हा दंडक; त्यानुसार साहाय्यकांनी पंधरा-पंधरा, कधी पाच-पाच मिनिटांनी आकडे उतरवले. खंड छापला गेला, कपाटात गेला. सॅबिनला टोरांटोविषयी जसा प्रश्न पडला तसा कुलाब्याच्या त्या पानाविषयी कोणाला पडला नाही. श्वाबेच्या टिपणाला सात वर्षे थांबावे लागले; याला एकशे चव्वेचाळीस. मधल्या काळात चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर १८९६ साली नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सूच्या बिघडणार हे ओळखून त्यांनी १९०४ साली चुंबकीय काम अलिबागला हलवले. साखळी तुटू नये म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या, आणि १८४६ ते १९०५ ची निरीक्षणे १९१० साली जाडजूड खंडांत बांधून दिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी १८५९ चे ते पान उघडून हिशेब केला : क्षैतिज बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले होते. १९८९ साली ज्या वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ होता.

लगेच वाद झाला. १६०० हा क्षणिक खड्डा आहे, तो एका गावातला आहे, आणि आजच्या निर्देशांकाशी तुलना करायची तर तासाची सरासरी घ्यायला हवी, असे इतर अभ्यासकांनी दाखवले. तशी घेतली की आकडा उणे ८५० च्या आसपास येतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. दोघांनाही आपला हिशेब मांडता आला, कारण त्या शुक्रवारी कुलाब्यातल्या कोणीतरी तासाचा ठोका पडण्याची वाट पाहिली नव्हती.